नाव कोडॅकचे, उत्पादन दुसऱ्याचे : ब्रँड परवान्याचा व्यवहार आणि ग्राहकाचे हक्क

एखाद्या जुन्या, नामवंत कॅमेरा कंपनीने आपले नाव ठरावीक वस्तूंवर वापरण्याची मुभा दुसऱ्या देशातील उत्पादकास करार करून देणे, यास ब्रँड परवाना असे म्हणतात. या व्यवहारात नावाची मालकी मूळ कंपनीकडेच राहते. उत्पादन, विक्री आणि विक्रीपश्चात सेवा यांचा भार सामान्यतः परवानाधारक उचलतो व त्या बदल्यात मूळ कंपनीस स्वामित्वधन देतो.

कोडॅक हे याचे ठळक उदाहरण आहे. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये अमेरिकेत हे नाव नोंदवून रोल फिल्मचा कॅमेरा बाजारात आणला. याच कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा आद्य नमुना तयार केला. तथापि डिजिटल छायाचित्रणामुळे फिल्मची मागणी घटली आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांसाठी कोडॅकचे नाव २०१३ पासून जेके इमेजिंग या कंपनीस देण्यात आले. २०२५ मध्ये आलेला ‘चार्मेरा’ हा किल्लीच्या साखळीएवढा कॅमेरा हाँगकाँगच्या रेटो कंपनीचा आहे. भारतात कोडॅक नावाचे दूरचित्रवाणी संच नोएडा येथील सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी २०१६ पासून परवान्यावर बनवते.

परवान्याचे फलित सर्वत्र सारखे नसते. १७५६ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या फॉइग्टलेंडर या पेढीचे नाव १९९९ पासून जपानची कोसिना कंपनी वापरते. तिच्या भिंगांना व बेसा कॅमेऱ्यांना जाणकारांची मान्यता मिळाली. उलटपक्षी, आग्फा-गेव्हर्टपासून २००४ मध्ये वेगळी झालेली आग्फाफोटो कंपनी २००५ मध्येच दिवाळखोरीत गेली. त्यानंतर हे नाव निरनिराळ्या उत्पादकांच्या वस्तूंवर परवान्याने झळकू लागले. नाव तेच राहिले, तरी ज्या कारखान्याने ते कमावले तो त्यामागे उरला नाही.

भारतात या व्यवहारास व्यापारचिन्ह कायदा, १९९९ लागू होतो. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. चिन्ह पाच वर्षांहून अधिक काळ वापराविना राहिल्यास ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी होऊ शकते; मात्र परवानाधारकाने केलेला वापर मालकाचाच वापर मानला जातो. उत्पादन थांबवलेल्या कंपन्यांनाही परवाना हवासा वाटतो, त्याचे एक कारण हेच. नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करताना मालकाचे गुणवत्तेवर कितपत नियंत्रण राहील, हे नमूद करावे लागते. करारातील गुणवत्तेच्या अटी पाळल्या न गेल्यास ही नोंद रद्द होऊ शकते. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाचे मुख्यालय मुंबईत असून महाराष्ट्र, गोवा व मध्य प्रदेशासह छत्तीसगडचे अर्जही मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात.

ग्राहकाच्या दृष्टीने खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचे चिन्ह लावणारा किंवा लावून घेणाराही ‘उत्पादन निर्माता’ या व्याख्येत येतो. त्यामुळे केवळ कारखाना आपला नाही, एवढ्या सबबीवर नावाचा मालक आपोआप जबाबदारीमुक्त ठरत नाही. प्रत्यक्ष दायित्व मात्र प्रत्येक प्रकरणातील तथ्यांवर ठरते. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजेच रायपूरच्या बूढापारा भागातील ग्राहकाला नोएडा किंवा हाँगकाँग गाठावे लागत नाही. रायपूर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वेष्टनावर उत्पादक अथवा आयातदाराचे नाव व पत्ता, तसेच तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. ठळक अक्षरांतील ब्रँडनावापेक्षा बारीक अक्षरांतील हा मजकूर खरेदीपूर्वी वाचणे आणि हमीपत्र कोणाच्या नावाने आहे हे तपासणे हितावह ठरते.