ऑटोपायलट असतो ना, मग धुक्याचं काय?

डिसेंबरातली पहाट, लोहगाव विमानतळ. दिल्लीचं विमान तिकडच्या धुक्यामुळे लांबलेलं. रांगेतले एक काका काउंटरवरच्या मुलीवर खेकसले, "ऑटोपायलट असतो ना? मग धुक्याचं काय एवढं?" ती बिचारी गप्प. प्रश्न मात्र अगदीच बिनबुडाचा नव्हता, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवासी घेऊन आलेलं विमान पहिल्यांदा आपोआप धावपट्टीवर टेकलं ते १० जून १९६५ रोजी, लंडनच्या हीथ्रोवर. पॅरिसहून आलेलं ट्रायडंट होतं ते. पुढे दाट धुक्यात उतरण्यासाठी ट्रायडंटमध्ये एकाच कामाला तीन यंत्रणा बसवल्या. एक बिघडली तर उरलेल्या दोघी तिला बाजूला सारणार! उतरणं जमलं, पण नंतर धुक्यात टर्मिनलपर्यंतची वाट शोधणं ही वैमानिकांची नवी डोकेदुखी झाली.

बरं, विमान हे एकट्याने करत नाही. धावपट्टीजवळून सोडलेल्या रेडिओ लहरी धरून ते खाली येतं. मध्ये दुसरं विमान आलं तर त्या लहरी बिघडतात. म्हणून धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात आणि आपला खोळंबा होतो. दिल्लीत आज ५० मीटर दिसत असलं तरी उतरता येतं, पण विमान, धावपट्टी आणि वैमानिक, तिघंही 'कॅट-३' साठी पात्र हवेत. उड्डाणाला मात्र १२५ मीटर लागतात, कारण तिथे सगळी भिस्त वैमानिकाच्या डोळ्यांवर आणि हातांवर.

यंत्रावर नजर हटली की काय होतं, ते आपण पाहिलंय. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए-३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं. धुकं नव्हतं, भर दुपार होती. यंत्रणा नको त्या मोडमध्ये राहिली, इंजिनं मंद, वेग घटत गेला. लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. १४६ पैकी ९२ माणसं गेली.

तेव्हा मंडळी, त्या मुलीवर ओरडू नका. विमान कंपनीला विचारा, धुक्याच्या दिवसांत दिल्लीच्या फेरीवर कॅट-३ चं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक ठेवलेत का? हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि वैमानिक "आत्ता नाही उतरता येणार" म्हणाला, तर चार तास उशीर सोसू. घरी पोचणं महत्त्वाचं.