मोटारीचे बॉनेट : बिजागरीचे की उचलून काढण्याचे?

मोटारीच्या इतिहासात एंजिन, सांगाडा आणि चाके यांच्या विकासाची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने एंजिनावरील झाकण, म्हणजे ज्याला आपल्याकडे इंग्रजी प्रघातानुसार बॉनेट व अमेरिकेत हूड म्हणतात तो भाग, अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. हे झाकण बिजागरीने देहाशी जखडावे की सर्वस्वी सुटे ठेवून उचलून काढता यावे, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराच्या सोयीचा वाटतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, ती क्रमाने पाहिली असता त्यांमागे एक सूत्र आढळते. गाडीजवळ किती माणसे असतील, त्यांना एंजिनापाशी किती वेळा जावे लागेल आणि खिटी निसटली तर आघात कोणावर होईल, यांवर ही निवड ठरत आली आहे. वजन आणि किंमत यांचा विचार बहुधा त्यानंतरचा.

(१)

अगदी आरंभीच्या गाड्यांत एंजिन आसनाखाली किंवा मागे असल्यामुळे हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. १८९१ मध्ये फ्रान्समधील पानार ए लव्हासोर या कारखान्याने एंजिन पुढच्या भागात उभे केले आणि त्यावर पेटीवजा आच्छादन घातले. पुढे हीच मांडणी सर्वमान्य झाली. त्या काळचे एंजिन लांबट व अरुंद असे आणि त्याचे बहुतेक जोडभाग त्याच्या दोन कुशींस लागलेले असत. त्यामुळे आच्छादन वरून उघडण्यापेक्षा बाजूंनी उघडणे स्वाभाविक होते.

फोर्ड कंपनीची १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेली ‘मॉडेल टी’ हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. तिच्या बॉनेटच्या माथ्यावर मधोमध लांबीच्या दिशेने बिजागरी होती. डावी किंवा उजवी बाजू पाखासारखी वर दुमडता येई. दोन्ही बाजूंचे चाप सोडले म्हणजे सबंध झाकण उचलून जमिनीवर ठेवता येई. अर्थात बिजागरीचे की सुटे, हा भेद तेव्हा पडलाच नव्हता. एकच झाकण दोन्ही प्रकारचे काम देत असे. गाडीचा धनी बव्हंशी स्वतःच तिचा दुरुस्तीकार होता. किरकोळ कामास एक पाख पुरे, मोठ्या कामास झाकण दूर, असा त्याचा सरळ हिशेब असे. शर्यतीच्या गाड्यांवर याच झाकणाभोवती कातडी पट्टा आवळीत. चाप सैल झाला तरी झाकण उडू नये, ही काळजी इतकी जुनी आहे.

(२)

१९३० नंतरच्या दशकात गाडीची बाह्याकृती पालटली. चाकांवरील पंखे रुंदावून बॉनेटच्या कुशींना भिडू लागले, आणि बाजूंची पाखे उघडण्यास जागाच उरली नाही. त्याच सुमारास अमेरिकेत रुंद अशा व्ही-आठ एंजिनाचा प्रसार झाला. या एंजिनाचे बरेचसे काम वरूनच करावे लागते. या दोन कारणांनी झाकण अखंड झाले आणि त्याची बिजागरी मागे, काचेजवळ गेली. पुढून जबडा वासावा तसे ते उघडत असल्यामुळे अमेरिकनांनी त्यास मगरीची उपमा दिली. गॉर्डन ब्यूरिग यांनी रेखाटलेली ‘कॉर्ड ८१०’ आणि फोर्ड समूहाची ‘लिंकन झेफर’ या १९३६ सालच्या गाड्यांत हे रूप स्पष्ट दिसते.

दुसऱ्या महायुद्धातील जीपने या पद्धतीची उपयुक्तता अधिक कठोर परिस्थितीत सिद्ध केली. दोन कुशींचे आकडे सोडताच तिचे बॉनेट मागे उलटून काचेच्या चौकटीस टेकते. एकट्या सैनिकास ते उघडता येते, आणि झाकण ठेवण्यास कोरडी जागा शोधावी लागत नाही. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केल्यापासून ही रचना महाराष्ट्रातील वाचकांच्याही नित्य परिचयाची आहे.

तथापि जुनी दुहेरी सोय एकाएकी लोपली नाही. १९४० नंतरच्या दशकातील ब्यूक गाड्यांचे बॉनेट डावीकडून वा उजवीकडून, कोणत्याही बाजूने उघडे. एक बाजू सोडली की दुसरी बाजू बिजागरीचे काम करी, आणि दोन्ही सोडल्या की संपूर्ण झाकण सुटे होई. मॉडेल टीचेच तत्त्व येथे अखंड पोलादी पत्र्यावर योजले होते. परंतु तो पत्रा आता रुंद आणि जड झाला होता. सुटे करण्याची सोय कायम राहिली, पण ती एकट्याच्या आवाक्यातली राहिली नाही. दुरुस्तीचे काम धन्याच्या हातून कारखान्याकडे सरकत होते, याची ही एक खूणच म्हणता येईल.

(३)

मागील बिजागरीत एक धोका उपजतच आहे. झाकणाची मोकळी कड वाऱ्यास सामोरी असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसमोरील हवेचा गतिजन्य दाब दर चौरस मीटरला सुमारे ४८ किलोग्रॅम भाराइतका असतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. खिटी निसटली तर हा दाब झाकणाला उचलून काचेवर आपटतो, आणि चालकास पुढचे काहीच दिसेनासे होते. यास दोन उत्तरे निघाली. पहिले उत्तर बिजागरी पुढे नेण्याचे. १९५९ ची ‘ट्रायम्फ हेरल्ड’ आणि १९६१ ची ‘जॅग्वार ई-टाइप’ या इंग्रज गाड्यांत पंख्यांसह सगळा पुढचा भागच पुढे कलतो. खिटी सुटली तरी वारा त्यास खालीच दाबतो. मात्र उघडण्यास गाडीपुढे मोकळी जागा लागते, आणि समोरून लागलेला लहानसा धक्काही बिजागरीपर्यंत पोचू शकतो. दुसरे उत्तर कायद्याचे होते. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून लागू झालेल्या सुरक्षा-मानक क्रमांक ११३ अन्वये, उघडल्यावर चालकाची दृष्टी अडविणाऱ्या, पुढून उघडणाऱ्या बॉनेटला दुसरी खिटी किंवा खिटीचा दुसरा टप्पा आवश्यक ठरला.

याच १९६९ साली त्याच देशात बिजागरीविरहित बॉनेटही विक्रीस आले, हा योगायोग उद्बोधक आहे. डॉज कंपनीची ‘सुपर बी’ आणि प्लिमथची ‘रोड रनर’ या गाड्यांच्या एका विशेष आवृत्तीत ४४० घन इंचांचे, तीन कार्ब्युरेटरांचे, ३९० अश्वशक्तीचे एंजिन होते, आणि त्यावर फायबरग्लासचे काळे झाकण चार कोपऱ्यांतील चार खिट्यांवर नुसते बसविलेले होते. सरळ धावपट्टीवरील शर्यत हे या गाडीचे उद्दिष्ट होते. तेथे पुढचे वजन घटविणे इष्ट असते, दोन फेऱ्यांच्या मध्ये एंजिन चहूबाजूंनी मोकळे हवे असते, आणि झाकण धरण्यास सोबती हजर असतो. पण तीच गाडी रोजच्या वापरात आली की चित्र पालटे. तेल पाहण्यासाठीदेखील चारही खिट्या काढणे, रुंद झाकण एकट्याने तोलणे आणि ते ठेवण्यास जागा शोधणे भाग पडे. खिट्या नीट बसल्या नाहीत तर झाकण सर्वस्वी उडून मागून येणाऱ्यांवर पडण्याचा संभव असे. म्हणजे बिजागरी गेल्याने धोका नाहीसा होत नव्हता. तो चालकाकडून परक्याकडे सरकत होता. १९७० सालच्या गाड्यांत हेच एंजिन पुन्हा बिजागरीच्या पोलादी बॉनेटखाली आले.

(४)

सुटे बॉनेट घरगुती गाडीत नांदू शकते काय, याचे उत्तर जर्मनीतील ‘आउडी ए-२’ या १९९९ ते २००५ या काळात निघालेल्या ॲल्युमिनियमच्या छोट्या गाडीने दिले. तिच्या बॉनेटला बिजागरी नव्हती. दोन पकडी फिरवून ते उचलून काढावे लागे. परंतु तेल तपासणे, ते भरणे आणि काच धुण्याचे पाणी घालणे या नित्याच्या कामांसाठी समोर एक स्वतंत्र लहान झडप ठेवलेली होती. धन्याचे काम आणि कारागिराचे काम यांची दारेच वेगळी केल्यामुळे मोठे दार क्वचित उघडणारे झाले, आणि क्वचित उघडणाऱ्या दारास बिजागरीची निकड राहिली नाही.

उलटपक्षी बिजागरीवर नवी जबाबदारी आली. पादचाऱ्यांच्या रक्षणाविषयीचा युरोपीय निर्देश २००३ मध्ये निघाला. २००५ ची ‘सित्रोएन सी-६’ आणि २००६ ची ‘जॅग्वार एक्सके’ या गाड्यांत माणसाशी टक्कर होताच बॉनेट क्षणार्धात वर उचलले जाते, जेणेकरून पादचाऱ्याचे डोके आणि खालचे कठीण एंजिन यांत अंतर राहावे. झाकणाशी सर्वांत कमी संबंध असलेला माणूस अशा रीतीने त्याच्या रचनेत प्रथमच गणला गेला.

या सर्व क्रमातून निष्पन्न होते ते असे की, दोन्ही प्रकारांपैकी कोणताही स्वभावतः श्रेष्ठ नाही. सुटे झाकण सोबत्यांचा संघ, वारंवार होणारे मोठे काम आणि बंदिस्त धावपट्टी गृहीत धरते. बिजागरी एकटा माणूस, घाईचे लहान काम आणि भर रस्ता गृहीत धरते. जुन्या गाडीच्या जीर्णोद्धारात मूळ बिजागरी काढून हलके सुटे झाकण बसविले जाते, तेव्हा काही किलो वजन वाचते खरे. परंतु ती गाडी कोणासाठी आणि कोणत्या रस्त्यासाठी घडविली होती, याचा एक पुरावाही तिच्याबरोबर निघून जातो. म्हणूनच खिटी, चाप व बिजागरी या क्षुल्लक भासणाऱ्या वस्तूंची नोंद तंत्रेतिहासाच्या अभ्यासकाने एंजिनाच्या नोंदीइतक्याच काळजीने करावयास हवी.