पायथ्याची न दिसणारी पायरी

शाळेत भूगोलाच्या तासाला वली पर्वत आणि गट पर्वत ही जोडी आपण सगळ्यांनीच पाठ केलेली असते. वली पर्वत समजायला सोपे. सतरंजी दोन्हीकडून रेटली की घड्या पडतात. गट पर्वत मात्र मला कितीतरी वर्षे उमगले नव्हते. मी बी.ए.चा माणूस, त्यात कविता लिहिणारा! ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाची हकीकत वाचली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

1871 मध्ये लेफ्टनंट व्हीलर यांच्या सरकारी पाहणी-तुकडीबरोबर गिल्बर्ट पश्चिमेकडच्या नेवाडा-युटाच्या रखरखीत मुलखात गेला. एक डोंगररांग, मग सपाट खोरे, पुन्हा रांग, पुन्हा खोरे. पूर्वेकडच्या ॲपलेशियन पर्वतावरून जाणकार म्हणत, याही घड्याच. गिल्बर्टला निराळे दिसले. अनेक रांगांतले खडकांचे थर एकाच अंगाला कललेले, एक बाजू उभी, दुसरी उतरती, आणि उभ्या बाजूचा पायथा सुरीने कापल्यासारखा. जमीन तुटून तिचे ठोकळे वरखाली झाले आहेत, असे त्याने 1875 मध्ये छापलेल्या अहवालात मांडले.

इथले भूकवच गेल्या सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षांत ताणले गेले आहे, हे पुढे कळले. ताणाने तिरप्या भेगा पडतात आणि भेगेवर रेललेला भाग तिच्या उतारावरून खाली घसरतो. यालाच सामान्य प्रस्तरभंग म्हणतात. फळीवरच्या पुस्तकांचा टेकू काढून पाहा. सारी एका अंगावर कलंडतात, जास्त जागा व्यापतात. वर आलेले कोपरे म्हणजे डोंगर, मधल्या खाचा म्हणजे खोरी. डोंगर झिजतात, खोरी गाळाने भरतात. पाण्याला समुद्राकडे वाट नाही, म्हणून ग्रेट सॉल्ट लेकसारखी खारी सरोवरे.

हे घसरणे बहुधा धक्क्याधक्क्याने होते. मार्च 1872 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात मोठा भूकंप होऊन लोन पाइन हे गाव जवळजवळ भुईसपाट झाले. गिल्बर्टने 1883 मध्ये तिथे जाऊन जमिनीत उभी राहिलेली पायरी पाहिली. तशा जुन्या पायऱ्या त्याने युटातल्या वासॅच रांगेच्या पायथ्याशीही पाहिल्या होत्या. फक्त सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका पट्ट्यात त्या नव्हत्या.

पायरी नाही म्हणजे धोका नाही, असे तुम्हीआम्ही म्हटले असते. गिल्बर्टने उलटे वाचले. इथे बराच काळ घसरण झालेली नाही, म्हणजे ताण साठतो आहे. शास्त्रज्ञांच्या सभेची वाट न पाहता त्याने सप्टेंबर 1883 मध्ये तिथल्या वर्तमानपत्रालाच लेख दिला. भूकंप केव्हा होईल ते सांगता येणार नाही, आणि तो होईपर्यंत लोक काही करणार नाहीत, असेही त्यात मोकळेपणाने लिहिले.

शहर मात्र वाढत गेले, तेही बरेचसे विटांचे. पुढे शास्त्रज्ञांनी चर खणून भेगेचा इतिहास तपासला. तेव्हा शहराजवळच्या भागात शेवटचा मोठा भूकंप हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचा निघाला. 2016 मध्ये तज्ज्ञांनी अंदाज दिला, की 2014 ते 2063 या 50 वर्षांत वासॅच परिसरात 6.75 किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता 43 टक्के आहे.

18 मार्च 2020 च्या सकाळी शहराजवळच्या मॅग्ना इथे 5.7 चा धक्का बसला. सॉल्ट लेक मंदिराच्या शिखरावरच्या देवदूताच्या हातातली तुतारी गळून पडली. गिल्बर्टने सांगितलेला भूकंप तो नव्हता.