बुद्धिबळ वर्ल्ड कप मोबाइलवर कसा बघायचा? नॉकआउट, टायब्रेकर आणि 'इव्हॅल बार' समजून घ्या

मोबाइलवर चेसची मॅच लावली की पडद्याच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी दिसते. डाव चालू असताना ती वरखाली होत राहते. पट्टी जोरात हलली की लाइव्ह चॅटमध्ये लगेच सुरू होतं : "अरे, काय केलं हे!", "संपलं सगळं", "एवढी साधी चाल दिसली नाही?"

२८ जुलै २०२५ रोजी अशी पट्टी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बघितली गेली. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला वर्ल्ड कपची फायनल टायब्रेकरमध्ये गेली होती. एका बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. दुसऱ्या बाजूला कोनेरू हम्पी, जी दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झाली होती. त्या शेवटच्या डावात दोघींकडूनही चुका झाल्या. पट्टी हलत राहिली आणि अखेर हम्पीनं डाव सोडला.

ही पट्टी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे कळलं तर मॅच बघायला दुप्पट मजा येते. शिवाय खेळाडूला उगाच नावं ठेवायची वेळही येत नाही. म्हणून आधी स्पर्धा समजून घेऊ, मग पट्टी.

नॉकआउट वर्ल्ड कप म्हणजे काय?

बुद्धिबळाच्या बऱ्याच मोठ्या स्पर्धा साखळी पद्धतीच्या असतात. एक डाव हरलात तरी पुढच्या डावांत भरून काढता येतं. वर्ल्ड कपमध्ये तसं नाही. इथे दोघांची जोडी लागते, जिंकणारा पुढच्या फेरीत आणि हरणारा घरी.

बातुमीत १०७ खेळाडू होत्या. नॉकआउटचा तक्ता १२८ जणींचा असतो, म्हणून वरच्या २१ मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. दिव्याचं मानांकन १५ वं होतं, त्यामुळे तिची स्पर्धा दुसऱ्या फेरीपासून सुरू झाली. तिथून तिनं चीनची दुसरी मानांकित झू जिनेर, भारताची द्रोणवल्ली हरिका आणि माजी विश्वविजेती तान झोंगयी यांना बाहेर काढलं. तान झोंगयीविरुद्धचा निर्णायक डाव १०१ चालींपर्यंत लांबला.

पहिल्या तिघींना कँडिडेट्स स्पर्धेत जागा मिळते आणि कँडिडेट्स जिंकणाऱ्या खेळाडूला विश्वविजेतेपदासाठी खेळता येतं. म्हणजे एका वाईट दुपारची किंमत पुढची दोन वर्षं असू शकते.

टायब्रेकर कसा चालतो?

प्रत्येक जोडीत आधी दोन पारंपरिक डाव होतात, एक पांढऱ्या मोहऱ्यांनी, एक काळ्या. १-१ अशी बरोबरी झाली की टायब्रेकर. त्यात वेळ टप्प्याटप्प्याने कमी होत जाते. '१५+१०' याचा अर्थ सुरुवातीला १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद जादा.

समजा डाव ४० चाली चालला, तर एका चालीला सरासरी किती वेळ मिळतो, बघा :

– पारंपरिक (९० मिनिटं + ३० सेकंद) : साधारण पावणेतीन मिनिटं
– १५+१० : साडेबत्तीस सेकंद
– १०+१० : २५ सेकंद
– ५+३ : साडेदहा सेकंद
– ३+२ : साडेसहा सेकंद

१५+१०, १०+१० आणि ५+३ या प्रत्येक टप्प्यात दोन-दोन डाव होतात. तरीही निकाल लागला नाही, तर ३+२ चे डाव एकामागून एक, कुणीतरी जिंकेपर्यंत. बातुमीच्या सेमीफायनलमध्ये हम्पी आणि लेई तिंगजी यांची लढत ५+३ पर्यंत गेली. तिथे हम्पीनं दोन्ही डाव जिंकले. फायनलमध्ये मात्र १५+१० मध्येच फैसला झाला : पहिला डाव बरोबरीत, दुसरा काळ्या मोहऱ्यांनी दिव्यानं जिंकला.

इव्हॅल बार काय सांगतो?

त्या पट्टीला इव्हॅल बार म्हणतात. तिच्यामागे चेस इंजिन चालत असतं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं इंजिन म्हणजे स्टॉकफिश. ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि २०२० पासून त्यात न्यूरल नेटवर्कही वापरलं जातं. सेकंदाला लाखो स्थिती तपासून ते एक आकडा देतं. आकडा अधिक असेल तर पांढरा वरचढ, उणे असेल तर काळा. शून्याच्या आसपास म्हणजे सारखं. 'एम५' दिसलं तर पाच चालींत मात.

पूर्वी +१.०० म्हणजे 'एक प्यादं जास्त असल्यासारखं' असा हिशोब होता. स्टॉकफिशच्या नव्या आवृत्त्यांत +१.०० म्हणजे त्या स्थितीतून पांढरा जिंकण्याची शक्यता साधारण ५० टक्के. पण ही शक्यता दोन्ही बाजूंनी स्टॉकफिशच खेळत असेल तेव्हाची! समोर दोन माणसं आहेत, हे त्या आकड्याला माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट. तुमच्या आणि मित्राच्या मोबाइलवर वेगवेगळे आकडे दिसू शकतात. ब्राउझरमध्ये इंजिन सुरू केलं की ते तुमच्याच फोनचा प्रोसेसर वापरतं. जितका वेळ द्याल तितकं ते खोल बघतं, त्या खोलीला 'डेप्थ' म्हणतात. डेप्थ १५ ला दिसणारी 'घोडचूक' डेप्थ ३० ला चांगली चालही निघू शकते. म्हणून स्क्रीनशॉट टाकण्याआधी थोडं थांबा. (आणि हो, इंजिन बराच वेळ चालू ठेवलं तर फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते.)

पट्टी काय सांगत नाही?

पहिलं, घड्याळ. ३० सेकंद उरलेल्या खेळाडूला योग्य चाल सापडणं आणि आपण सोफ्यावर बसून इंजिनची चाल वाचणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं, अवघडपणा. पट्टी मधोमध असली म्हणजे बरोबरी सोपी, असं नाही. कधी कधी बरोबरीसाठी सलग पाच-सहा वेळा एकच अचूक चाल असते आणि बाकी सगळ्या चाली हरवणाऱ्या. इंजिनसाठी ते ०.००, माणसासाठी दोरीवरची कसरत.

तिसरं, थकवा. फायनलपर्यंत पोचलेल्या खेळाडूनं जवळपास तीन आठवडे हे केलेलं असतं.

त्यामुळे पट्टी जोरात हलली की आधी तीन गोष्टी बघा : घड्याळात किती वेळ उरलाय, कोणता टप्पा चालू आहे आणि योग्य चाल एकच होती की अनेक. मग ठरवा, ती खरंच घोडचूक होती का.

फॅन्सची प्रतिक्रिया : डोक्यावर घेणं आणि आपटणं

बातुमीनंतर दिव्या आईच्या मिठीत रडते आहे, हा व्हिडिओ देशभर फिरला. नागपूर विमानतळावर स्वागताला गर्दी उसळली. कौतुक अगदी रास्त होतं. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता, पण वर्ल्ड कप जिंकणाऱ्या खेळाडूला हा किताब थेट मिळतो. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

पण याच दिव्यानं दीड वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, प्रेक्षकांविषयी वेगळंच काही लिहिलं होतं. नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथली टाटा स्टील स्पर्धा संपल्यावर तिनं इन्स्टाग्रामवर सांगितलं, की लोक तिच्या चालींपेक्षा केस, कपडे आणि बोलण्याची ढब यांवरच बोलत होते, आणि पुरुष खेळाडूंच्या बाबतीत मात्र खेळाची चर्चा होते. तेव्हा ती १८ वर्षांची होती.

बातुमीनंतर चारच महिन्यांत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, खुल्या गटाचा वर्ल्ड कप गोव्यात हडफडे इथे झाला. २०६ खेळाडू, आठ फेऱ्या. वाइल्ड कार्ड मिळालेली दिव्या पहिल्याच फेरीत दोन्ही डाव हरली. विश्वविजेता आणि अव्वल मानांकित डी. गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरून बाहेर पडला. २०२३ च्या वर्ल्ड कपचा उपविजेता प्रज्ञानंद चौथ्या फेरीत गेला. शेवटी कप उचलला १६ व्या मानांकित जावोखिर सिंदारोवनं. उझबेकिस्तानचा हा खेळाडू तेव्हा १९ वर्षांचाच होता, आणि त्याचीही फायनल टायब्रेकरमध्येच सुटली.

१५ वी मानांकित, १६ वा मानांकित. नॉकआउटमध्ये मोठी नावं लवकर पडतात, ते या पद्धतीतच आहे. दोन डावांच्या लढतीत एकच चूक पुरते. त्यावरून कुणी 'संपला' किंवा 'नुसती हवा होती' असं ठरत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोफत कुठे बघता येतं?
फिडे आणि चेसबेस इंडिया यांच्या यूट्यूब चॅनलवर मोठ्या स्पर्धांचं समालोचन असतं. लीचेस आणि चेस डॉट कॉमच्या ॲपवर चाली थेट दिसतात.

चाली आपोआप कशा येतात?
पटाखाली सेन्सर असतात आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाशी छोटं सर्किट. मोहरा हलला की नवी जागा संगणकाला कळते.

कधी कधी प्रक्षेपण उशिरा का दिसतं?
बाहेरून खेळाडूला मदत पोचू नये म्हणून काही स्पर्धांत चाली मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवतात.

इंजिन बंद करून बघता येतं का?
येतं. बहुतेक ॲपमध्ये सेटिंगमधून पट्टी लपवता येते. एखादी फेरी तशी बघाच. प्रत्येक चालीआधी स्वतः अंदाज करा, घड्याळ लावून. पाच-दहा चालींनंतर चॅटमध्ये "एवढी साधी चाल" असं लिहायला हात धजावणार नाही.