चित्रपटगीतांवरील ‘बंदी’ आणि कोलंबोहून येणारा आवाज

१/ परवा रात्री इंटरनेटवर भटकत असताना ‘बिनाका गीतमाला’चे एक जुने ध्वनिमुद्रण हाती लागले. त्यासोबत ती सुपरिचित कथाही होतीच : एका मंत्र्याने रेडिओवर चित्रपटगीतांना बंदी घातली आणि श्रोते सिलोनकडे वळले. मित्रहो, ही कथा अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग अधिक रंजक आहे, म्हणून हा धागा.

२/ १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. जन्माने पुणेकर आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार. संस्थाने विलीन झाली होती आणि कलावंतांचा राजाश्रय संपला होता. ती जागा रेडिओने घ्यावी, ही त्यांची धारणा. त्याच वर्षी संगीताचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. असंख्य घरांत मैफल प्रथम पोहोचली ती याच मार्गाने.

३/ नाण्याची दुसरी बाजू अशी की, चित्रपटगीते त्यांना उथळ आणि पाश्चात्त्य अनुकरणाने बिघडलेली वाटत. त्यांचा वेळ घटवण्यात आला, गाणी निवडून घेतली जाऊ लागली. आणि एक नियम कळीचा ठरला : गाणे लावताना गायकाचे नाव सांगावे, चित्रपटाचे सांगू नये. कारण? चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात!

४/ निर्माते संतापले. चित्रपटाचे नावच घेणार नसाल, तर आमची गाणी कशाला वाजवता, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली आणि काही महिन्यांतच सरकारी रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे सरकारने दार अर्धे लोटले होते. उरलेले निर्मात्यांनी लावून घेतले. वाद सुरांचा दिसत असला, तरी तो पेटला जाहिरातीच्या प्रश्नावर.

५/ आता कोलंबोकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी तेथे शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारले गेले होते. युद्धानंतर ते सिलोन सरकारकडे आले. रेडिओ सिलोनला जाहिरातींचे वावडे नव्हते आणि त्याचा आवाज भारतभर ऐकू येत असे. भारतीय बाजारपेठेवर डोळा असलेल्या कंपन्यांना आणखी काय हवे होते?

६/ ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक सिबा ही स्विस कंपनी, माल टूथपेस्ट, निवेदक विशीतले अमीन सायानी. गंमत पाहा : कार्यक्रम ध्वनिमुद्रित होई मुंबईत, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून तोच आवाज लघुलहरींवर स्वार होऊन मुंबईच्याच घरांत परत येई! मुंबईतील गाण्याला मुंबईच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत होता.

७/ तरीही केसकरांना खलनायक ठरवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून रेडिओने स्वतःचे सुगम संगीत घडवायला घेतले. त्याच काळात, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात ५६ गीते! मात्र त्याचे कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत नावाजलेले. ज्या सृष्टीला उथळ म्हटले गेले, तिच्याच दोन कलावंतांनी मराठी रेडिओला त्याचे सर्वांत मोठे वैभव दिले.

८/ अखेर सरकारलाही श्रोत्यांपुढे नमावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते सन्मानाने परतली. केसकर तेव्हाही मंत्रिपदावर होतेच. पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी याच विविध भारतीवर जाहिराती आल्या. आरंभ मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांपासून. ज्या रेडिओला चित्रपटाचे नाव घेणेही जाहिरात वाटत होते, तोच आता पैसे घेऊन जाहिराती ऐकवू लागला. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली.

९/ श्रोत्याने काय ऐकावे, हे कोणी ठरवायचे, हा मूळ प्रश्न. तेव्हा श्रोता टपाल कचेरीत शुल्क भरून रेडिओचा परवाना घेत असे. पण गाणी निवडताना त्याचे मत कोणी विचारले नव्हते. सिलोनने ते विचारले, अर्थात टूथपेस्ट विकण्यासाठी. एकाला श्रोत्याची अभिरुची घडवायची होती, दुसऱ्याला त्याचा खिसा हवा होता. या दोहोंच्या मध्ये उभे राहून त्याने सुई स्वतःच्या हाताने फिरवली, हे मला या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते.

१०/ म्हणून यापुढे ‘बंदी’ हा शब्द दिसला की थोडे थांबा. आदेश कोणाचा होता, नेमका कशाविरुद्ध होता, माघार कोणी घेतली, हे विचारा. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर आज एवढे जरूर करा : बुधवारी रात्री आठ वाजता तुमच्या घरचा रेडिओ कोठे लागलेला असे, हे त्यांना विचारा. जे सांगतील, ते लिहून ठेवा. तेही इतिहासाचे साधनच आहे.