पन्नाशीनंतर उघडलेलं आभाळ

कॅरोलिन शूमेकर या अमेरिकेतल्या तीन मुलांच्या आई. मुलं मोठी झाल्यावर, १९८०च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत त्या भूवैज्ञानिक नवऱ्यासोबत लघुग्रह शोधू लागल्या. पालोमार वेधशाळेत थोड्या थोड्या वेळानं घेतलेले आकाशाचे दोन फोटो त्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडीनं न्याहाळत. तारे जागीच राहत. सरकलेला ठिपका म्हणजे लघुग्रह किंवा धूमकेतू. तांदळातला खडा टिपावा, तशी नजर! त्यांनी ३२ धूमकेतू आणि शेकडो लघुग्रह शोधले. १९९३ साली नवरा आणि डेव्हिड लेव्ही यांच्यासोबत शोधलेल्या धूमकेतूचे तुकडे जुलै १९९४मध्ये गुरू ग्रहावर आदळले. तिथे उठलेल्या काळ्या डागांवरून शास्त्रज्ञांनी गुरूचं वातावरण अभ्यासलं. गटात कुणी म्हटलं, 'आता या वयात काय शिकायचं?' तर तिला कॅरोलिनबाईंची गोष्ट सांगा.