पत्र ज्याच्या घरी, इतिहास त्याच्या घरी

परदेशात एखादा 'पत्रमित्र' असणे ही आज चाळिशीत असलेल्या पिढीच्या बालपणातील परिचयाची गोष्ट आहे. नियतकालिकांच्या पत्रमैत्रीच्या सदरांत मुलांची नावे, वये, पत्ते आणि 'छंद' छापून येत. छंदांची यादी बहुधा ठरलेली असे : तिकिटे जमवणे, वाचन, पत्रमैत्री. पत्रमैत्रीसाठी लागणारी पात्रताही पत्रमैत्रीच! या प्रकाराविषयी आज जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर बहुतेक वेळा स्मरणरंजनाचा असतो. निळे एरोग्राम, अनोळखी तिकिटे, पोस्टमनची वाट पाहणे, इतक्यावर ते संपते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र येथे एक वेगळा प्रश्न पडायला हवा. मराठीतील पत्रवाङ्मयाची चर्चा साने गुरुजींच्या 'सुंदर पत्रे'पासून जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांच्या पत्रव्यवहारापर्यंत होते. मुलांना लिहिलेली पत्रे तीत आहेत. मुलांनी लिहिलेली पत्रे जवळजवळ नाहीत. एका पिढीतील असंख्य मुलांनी केलेले हे लेखन गेले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे, टपालाच्या इतिहासात जावे लागते. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ देशांनी करार करून पुढे 'जागतिक टपाल संघ' म्हणून ओळखली गेलेली संघटना स्थापन केली. तत्पूर्वी प्रत्येक दोन देशांमध्ये स्वतंत्र करार असत आणि टपालाचे दर त्यानुसार बदलत. भारत या संघात १ जुलै १८७६ रोजी सामील झाला. या संघाचा एक मूळ नियम मोठा अर्थपूर्ण आहे. तिकिटाचे पैसे पत्र पाठवणाऱ्या देशाने स्वतःकडे ठेवायचे, ते पोहोचवणाऱ्या देशाने वेगळा मोबदला मागायचा नाही. कारण, प्रत्येक पत्राला उत्तर जाणारच, तेव्हा हिशेब आपोआप जुळेल! ही व्यवस्था १९६९च्या टोकियो अधिवेशनातील निर्णयापर्यंत टिकली. जगाच्या टपालाचा जमाखर्च जवळजवळ शतकभर 'पत्राला उत्तर येते' या गृहीतकावर उभा होता, असे म्हणता येईल. १९०६च्या रोम अधिवेशनाने तर समोरच्याच्या उत्तराचा खर्च आधीच भरता यावा म्हणून 'आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन'ही निर्माण केले.

भारत संघात आल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८८० साली, एका मराठी मुलीची सातासमुद्रापलीकडे पत्रमैत्री सुरू झाली आणि तीही एका टपाल कर्मचाऱ्याच्या घरात, ही गोष्ट म्हणूनच लक्षणीय वाटते. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला होते. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी कोल्हापुरातून एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचले आणि थेट पत्र पाठवले. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या; नवव्या वर्षी विवाह आणि चौदाव्या वर्षी अपत्याचा जन्म व मृत्यू एवढे आयुष्य मागे टाकून आलेल्या. त्यांना 'बालपत्रमित्र' म्हणताना अडखळायला होते, आणि ते अडखळणे रास्तच आहे. तरीही सदरात छापलेला मजकूर वाचून अनोळखी व्यक्तीने पत्र पाठवणे, ज्याने त्याने आपापला देश दुसऱ्याला समजावून सांगणे, आणि हळूहळू नाते जुळणे, हे पत्रमैत्रीचे सारे विशेष येथे आहेत. आनंदीबाईंनी त्यांना 'मावशी' मानले. पुढे प्रकृती ढासळली तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरलेल्या आनंदीबाईंचे स्वागत करायला कार्पेंटरबाईच आल्या होत्या.

या पत्रांतून बालविवाह, स्त्रियांचे आरोग्य, हिंदू चालीरीती यांची चर्चा झाली. पत्रमैत्रीतील एक पेच येथे प्रथमच दिसतो. अनोळखी वाचकासमोर लिहिणारी व्यक्ती नुसती व्यक्ती राहत नाही. ती आपल्या देशाची प्रतिनिधी होते. तिला 'मी' लिहायचे असते, समोरच्याला 'तुमच्याकडे' काय चालते ते हवे असते. आनंदीबाई या पेचातून पलीकडे जाऊ शकल्या, कारण तो पत्रव्यवहार टिकला आणि प्रातिनिधिकतेच्या जागी नाते आले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली, आणि पुकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवली गेली.

ही पत्रे आज आपल्याला माहीत आहेत ती कोणामुळे? कॅरोलाइन हिली डॉल यांनी १८८८ साली आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले ते कार्पेंटरबाईंनी जपून ठेवलेल्या पत्रांच्या आधारे. काशीबाई कानिटकरांच्या मराठी चरित्रातही पत्रांना मोठे स्थान आहे. म्हणजे एका मराठी मुलीच्या मनाचा इतिहास वाचण्याजोगा राहिला तो न्यू जर्सीतील एका घरात पत्रे फेकून दिली गेली नाहीत म्हणून. रोजनिशी लिहिणाऱ्याकडे राहते; पत्र मात्र लिहिणाऱ्यापासून दूर जाण्यासाठीच लिहिलेले असते. पत्र ज्याच्या घरी, इतिहास त्याच्या घरी.

विसाव्या शतकात या व्यवहाराला संस्थात्मक रूप आले. फिनलंडमधील तुर्कू येथे १९५२ साली सुरू झालेली 'इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस' ही संस्था देशोदेशींच्या मुलांच्या जोड्या जुळवून देत असे. २००८ साली ती बंद झाली. जागतिक टपाल संघाने १९७१पासून मुलांसाठी पत्रलेखन स्पर्धा सुरू केली. ही लाट किती आतवर पोहोचली होती हे प्रस्तुत लेखकाला स्वानुभवाने ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबाच्या जंगलाला लागून असलेले गाव. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य, आणि नव्वदच्या दशकात दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प. टपालाची थैली एस.टी.ने येई. आम्हा चार-सहा मुलांना शिक्षकांनी पत्ते मिळवून दिले होते. माझ्या वाट्याला फिनलंडमधील एक मुलगा आला.

त्या लेखनाची भाषिक स्थिती विलक्षण होती. काही मित्रांच्या घरी गोंडी, शाळेत मराठी आणि पत्रात इंग्रजी. तेही पाठ्यपुस्तकातील नमुना-पत्राच्या साच्यात ओतलेले. उन्हाळ्यात पहाटे आईबरोबर मोहफुले वेचायला जाणाऱ्या मुलाला 'मोह' या शब्दासाठी इंग्रजी शब्द सापडत नसे. मग 'एक गोड फूल' एवढ्यावर भागवावे लागे. तेंदूपत्त्याचा हंगाम, इरई धरणाचे पाणी, पोळा, हे सारे थोडक्यात आटोपून पत्र वाघावर येई, कारण तिकडून विचारणा वाघाचीच असे. वाघाच्या भीतीने सरपणाला जोडीजोडीने जाणारी आई त्या पत्रात सहसा येत नसे. प्रातिनिधिकतेचा तोच पेच येथेही होता. फरक इतकाच की बहुतेकांचा पत्रव्यवहार वर्षा-दोन वर्षांत आटोपला आणि नात्यापर्यंत पोहोचलाच नाही. परदेशी टपालाचा खर्च, परीक्षा, बदली, कारणे साधीच होती. पत्राला उत्तर येते हे गृहीतक जंगलाच्या कडेला नेहमीच टिकत नसे.

असे असूनही त्या पत्रांचे मोल कमी होत नाही. मोहर्लीविषयी आज जे लिहिले जाते ते प्रामुख्याने पर्यटकांचे, छायाचित्रकारांचे आणि वनखात्याचे. गाभा क्षेत्रातील बोटेझरी, जामणी यांसारख्या गावांचे पुढे पुनर्वसन झाले. एके काळी पाकिटाच्या पाठीवर मुले आपल्या हाताने लिहू शकली असती असे ते पत्ते आज त्या जागी नाहीत. या परिसरातील बालपण त्या परिसरातील मुलांनीच शब्दांत मांडल्याचे पुरावे फार थोडे असणार, आणि जे असतील ते बव्हंशी दुसऱ्या देशांतील खणांत असतील.

तेव्हा अभ्यासकाने करावे काय? एक मार्ग उपलब्ध आहे. आपल्याकडे आलेली पत्रे आपल्याकडेच आहेत. ट्रंकांमध्ये, माळ्यांवर, वाळवीच्या तावडीत. त्यांतील प्रश्न नीट वाचले तर आपण काय लिहिले होते याचा माग काढता येतो. 'ते गोड फूल खातात की त्याचे पेय करतात?' अशा प्रश्नामागे मोहाविषयीचे एक हरवलेले वाक्य उभे असते. उत्तरांवरून मूळ पत्राची जुळणी करण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून सहज देता येईल.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. कार्पेंटरबाईंची जी भूमिका होती तीच, नकळत, आपलीही आहे. फिनलंडमधील एका मुलाच्या हिवाळ्याचे वर्णन त्याच्या स्वतःच्या घरी नाही. ते मोहर्लीतल्या एका पत्र्याच्या पेटीत आहे. त्या पत्रांचे छायांकन करून, पत्ता लागत असेल तेथे एक प्रत मूळ लेखकाकडे पाठवणे, आणि आपल्या पत्रांची प्रत मागणे, हे काम आमच्या पिढीनेच करायला हवे. डेन्मार्कच्या टपालखात्याने २०२५ साली पत्रवाटप थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. पत्र हातात घेऊन त्याचा पत्ता वाचणारी माणसे अजून आहेत, तोवर हा व्यवहार उरकलेला बरा.